कोळशाच्या रेल्वेचा इतिहास नकाशांवर वाचताना : एका विनामूल्य नकाशासेवेचे परीक्षण

एडिनबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील जुने नकाशे संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. ग्रंथालय स्कॉटलंडचे असले तरी संग्रह तेवढ्यापुरता मर्यादित नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात तयार केलेले इंग्लंड आणि वेल्सचे बारकाईचे नकाशेही तेथे पाहायला मिळतात. मी परळी वैजनाथ येथे कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. औद्योगिक क्रांतीचा पाठ शिकवताना दक्षिण वेल्समधील कोळशाच्या रेल्वेचा आणि तिच्या गोद्यांचा इतिहास मुलांपुढे मांडायचा होता आणि त्यासाठी मी या सेवेचा भरपूर उपयोग केला. त्या अनुभवावरून सांगतो, की एखाद्या रेल्वेचा इतिहास समजून घेण्यासाठी इतके चांगले आणि तेही फुकट मिळणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र त्याची मर्यादा ओळखून ते वापरले पाहिजे, आणि ती मर्यादा कोणती हे सांगितल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही.

सेवेची रचना सोपी आहे. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर अचूक बसवलेला असतो आणि एक पट्टी सरकवली की जुना नकाशा हळूहळू विरत जाऊन खालचा आजचा भूभाग दिसू लागतो. दुसऱ्या प्रकारात पडद्याचे दोन भाग होतात, डावीकडे जुना नकाशा आणि उजवीकडे आजचे चित्र, आणि एका बाजूला जिथे बोट ठेवावे तीच जागा दुसऱ्या बाजूलाही दाखवली जाते. गावाचे नाव टाकून शोधता येते, अंतर मोजता येते. रेल्वेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने दोन मालिका महत्त्वाच्या आहेत : एका मैलाला सहा इंच या प्रमाणाची आणि एका मैलाला सुमारे पंचवीस इंच या प्रमाणाची. पहिलीत मार्ग, बोगदे, खाणी आणि वस्त्या यांचा एकमेकांशी संबंध कळतो. दुसरीत सिग्नलचे खांब, केबिन, मैलाचे दगड आणि यार्डातील एकेक रूळ वेगळा दिसतो.

आता ज्या विषयासाठी मी ही सेवा वापरली त्याकडे वळतो, कारण सेवेची खरी कसोटी तिथेच लागते.

दक्षिण वेल्सचा कोळसा डोंगरांतल्या अरुंद खोऱ्यांमध्ये होता आणि त्याला गिऱ्हाईक समुद्रापार होते. सुरुवातीला मर्थर येथील लोखंडाच्या कारखान्यांचा माल कार्डिफच्या बंदराला नेण्यासाठी ग्लॅमॉर्गनशायर कालवा खोदण्यात आला आणि तो १७९४ मध्ये कार्डिफपर्यंत पोहोचला. कालव्यावर पन्नासाहून अधिक पाणदरवाजे होते, त्यामुळे होड्यांची सतत खोळंबाखोळंब होत असे. त्यावरचा उपाय म्हणून १८३६ मध्ये टॅफ व्हेल रेल्वेचा कायदा संमत झाला. तिचा अभियंता इझाम्बार्ड किंगडम ब्रुनेल होता. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी सात फुटी रूळमार्गाचा आग्रह धरणाऱ्या याच माणसाने इथे मात्र साधा प्रमाणित रूळमार्ग स्वीकारला, कारण नदीकाठच्या वळणावळणाच्या चिंचोळ्या खोऱ्यात रुंद मार्ग परवडणारा नव्हता. हे विधान कुठल्याही पुस्तकात एका ओळीत वाचायला मिळते, परंतु पाँटिप्रिथजवळचे सहा इंची पत्रक, म्हणजे त्या मालिकेतला तेवढ्या भागाचा नकाशा, उघडल्यावर ते डोळ्यांना पटते. नदी, कालवा, रस्ता आणि रेल्वे एकमेकांना खेटून, एकमेकांना ओलांडत, डोंगराच्या दोन भिंतींमधून वाट काढताना दिसतात आणि पाचव्या गोष्टीला तिथे जागाच उरलेली नाही, हे कळायला फारसे इंग्रजी यावे लागत नाही.

हा मार्ग १८४० मध्ये अंशतः आणि १८४१ मध्ये मर्थरपर्यंत पूर्ण सुरू झाला. समुद्राच्या टोकाला ब्यूटचा दुसरा मार्क्विस या जमीनदार सरदाराने स्वतःच्या पैशांतून बांधलेली गोदी १८३९ मध्येच खुली झालेली होती. १८५० च्या दशकात ऱ्होंडा खोऱ्यातील बाष्पकोळसा निघू लागला आणि सगळे गणित बदलले. हा कोळसा कमी धूर करत असे आणि जास्त उष्णता देत असे. त्यामुळे ब्रिटिश आरमाराने तो पसंत केला आणि जगभरच्या बंदरांतील जहाजांच्या बंकरांत, म्हणजे इंधनाच्या कोठारांत, तो जाऊ लागला. एडन आणि मुंबई ही नावे त्या व्यापाराला परकी नव्हती. ऱ्होंडामध्ये शतकाच्या मध्यावर जेमतेम शेतकरी वस्ती होती. १९११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली. नकाशाच्या दोन आवृत्त्या एकामागून एक पाहिल्या की मेंढ्यांच्या कुरणांवर घरांच्या लांबच लांब रांगा कशा उगवल्या ते दिसते, आणि प्रत्येक रांगेच्या शेवटी एक खाण आणि तिच्यातून निघणारा रूळ असतोच.

या व्यापाराची गळचेपी कार्डिफमध्ये होत होती. वाहतूक एका कंपनीच्या हाती, गोदी एका घराण्याच्या हाती, आणि कोळसा खाणमालकांचा. गाड्या गोदीबाहेर रखडत आणि शुल्क मात्र पुरेपूर द्यावे लागे. डेव्हिड डेव्हिस हा लाकूड कापणाऱ्या मजुरापासून रेल्वेचा ठेकेदार आणि मग खाणमालक झालेला माणूस होता. त्याच्या पुढाकाराने खाणमालकांनी ठरवले, की आपली स्वतःची रेल्वे आणि स्वतःची गोदी बांधायची. त्यांचे पहिले विधेयक १८८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, फेटाळले. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा आणले गेले आणि ऑगस्ट १८८४ मध्ये संमत झाले. जागा निवडली ती कार्डिफच्या नैर्ऋत्येला असलेल्या बॅरी या खेड्याची.

या सेवेचा सगळ्यात समृद्ध अनुभव मला बॅरीच्या पत्रकांवर आला. १८७० च्या दशकातील मोजणीवर आधारलेले पत्रक उघडावे. त्यावर किनाऱ्याजवळ एक छोटे बेट आहे, बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधे ओहोटीला उघडी पडणारी खाडी आहे आणि वर शेतांचे तुकडे, दोनतीन वाड्या, एक चर्च आहे. रेल्वेचा मागमूस नाही. आता शतकाच्या अखेरची आवृत्ती उघडावी. खाडी नाहीशी झालेली आहे. दोन्ही बाजूंनी बांध घालून तिच्याच जागी सुमारे ७३ एकरांची गोदी उभी आहे, बेट जमिनीला जोडले गेले आहे आणि उत्तरेच्या काठावर रुळांची अशी दाटी आहे की काळ्या शाईचा एक जाड पट्टाच ओढल्यासारखा वाटतो. ब्रिस्टलच्या खाडीत भरती-ओहोटीतील फरक बारा मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे इथे जहाजे टेकवायची तर पाणी अडवून ठेवणारी बंद गोदीच लागते. आणि बेटाच्या आडोशाला, खोल पाण्याजवळ ती बांधली तर जहाजांना भरतीची वाट कमी पाहावी लागते. डेव्हिसने ही जागा का हेरली, हे पट्टी मागेपुढे सरकवताना आपोआप लक्षात येते.

गोदी १८ जुलै १८८९ रोजी सुरू झाली. डेव्हिस दुसऱ्याच वर्षी वारला. मुख्य अभियंता जॉन वुल्फ बॅरी होता, ज्याचे नाव लंडनच्या टॉवर ब्रिजशीही जोडलेले आहे. गोदीपासून ऱ्होंडापर्यंतचा मार्ग टॅफ नदीचे गर्दीचे खोरे टाळून डोंगरांच्या पोटातून गेला. त्यासाठी वेन्व्हो येथे एक मैलाहून थोडा अधिक लांबीचा बोगदा खणावा लागला. सहा इंची पत्रकावर हा बोगदा तुटक रेषांनी दाखवलेला आहे आणि त्याच्यावरच्या शेतांमध्ये हवेसाठी काढलेल्या विवरांच्याही खुणा आहेत. दुसरी गोदी १८९८ मध्ये पूर्ण झाली आणि १९१३ मध्ये बॅरीतून सुमारे १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर गेला. चोवीस वर्षांपूर्वी जिथे बंदर नव्हते, त्या ठिकाणाने त्या वर्षी कार्डिफलाही मागे टाकले.

पंचवीस इंची पत्रक वर्गात पडद्यावर लावले असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला या सेवेच्या गुणाचा पुरावा वाटतो. ती उठून पडद्याजवळ गेली आणि गोदीच्या काठावर बोट ठेवून म्हणाली, “सर, रूळ तर इथं पाण्यापाशीच संपायलेत. मग कोळसा जहाजात कसा जायचा?” तिचे वडील इथल्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा विभागात काम करतात, त्यामुळे मी तिलाच उलट विचारले, की रेक आली की वाघिणी रिकाम्या कशा करतात. “टिपलरवर घेतात, सर. वाघीणच्या वाघीण पालथी होते.” बॅरीत जवळपास तेच होत होते. काठावर पाण्याच्या दाबावर चालणारे उंच उचलयंत्र असे. एकेक वाघीण वजन करून त्याच्या फलाटावर ढकलली जाई, वर उचलली जाई आणि मागच्या टोकाने तिरपी केली जाई. टोकाचे दार उघडले की कोळसा घसरणीवरून थेट जहाजाच्या पोटात पडे, आणि रिकामी वाघीण वेगळ्या पातळीवरच्या रुळावरून उताराने परत जाई. भरलेल्या आणि रिकाम्या वाघिणींच्या वाटा वेगळ्या ठेवल्यामुळे एकीची दुसरीला अडचण होत नसे. नकाशावर प्रत्येक उचलयंत्राकडे जाणारी रुळांची जोडी दिसते. त्यातली भरलेल्या वाघिणींची कोणती आणि रिकाम्यांची कोणती, हे मुलांनी उतार कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज बांधून ओळखण्याचा प्रयत्न केला. इतिहासाच्या तासाला यापेक्षा अधिक मी काय मागणार?

उंचावरून पडताना कोळशाचा चुरा होतो आणि चुऱ्याला भाव येत नाही, म्हणून पहिला ढीग तयार होईपर्यंत कोळसा पेटीतून अलगद खाली सोडण्याची व्यवस्था असे. पुढे जहाजाच्या पोटात उतरून फावड्याने तो कोळसा कानाकोपऱ्यात सारखा पसरणारे कामगार असत. ते नसते तर जहाज एका अंगाला कलंडले असते. या कामगारांचा मात्र नकाशावर पत्ता नाही, आणि इथेच या साधनाची मर्यादा सुरू होते.

नकाशा जमीन दाखवतो, माणसांचे व्यवहार दाखवत नाही. टॅफ व्हेल रेल्वेचे नाव ब्रिटनच्या इतिहासात गोद्यांपेक्षाही एका खटल्यामुळे अधिक गाजले. १९०० मध्ये तिच्या कामगारांनी संप केला, कंपनीने रेल्वे कामगारांच्या संघटनेवर नुकसानीचा दावा लावला आणि १९०१ मध्ये, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की संपामुळे झालेल्या नुकसानीला संघटना जबाबदार धरता येते. संघटनेवर २३,००० पौंडांची भरपाई बसली. संप करणेच अशक्य होईल या भीतीने कामगार संघटना नव्याने स्थापन झालेल्या मजूर पक्षाच्या चळवळीकडे मोठ्या संख्येने वळल्या, आणि १९०६ च्या कायद्याने तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. एवढी मोठी घटना ज्या रुळांवर घडली ते रूळ नकाशावर जसेच्या तसे आहेत. घटनेची खूण कुठेही नाही. तसेच एबर खोऱ्यातील सेंगेनिथ येथील युनिव्हर्सल खाणीचे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी तिथे झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. ज्या वर्षी बॅरीने निर्यातीचा उच्चांक गाठला तेच हे वर्ष. निर्यातीचे आकडे शिकवताना ही संख्या त्यांच्या शेजारीच फळ्यावर लिहिली गेली पाहिजे असे माझे ठाम मत आहे, आणि ते काम शिक्षकालाच करावे लागते.

दुसरी मर्यादा तारखांची आहे. सलग जोडलेल्या नकाशात पत्रकांचे समास काढून टाकलेले असतात, त्यामुळे एका पत्रकाची मोजणी आणि शेजारच्या पत्रकाची मोजणी यांत बरीच वर्षे असू शकतात, हे पाहणाऱ्याला कळत नाही. एखादा रूळ एका कडेला येऊन अचानक तुटला तर तो खरोखर तिथे संपत होता, की शेजारचे पत्रक जुने आहे, हे तपासावे लागते. सेवेत त्याची सोय आहे : त्या जागेवरचे मूळ पत्रक स्वतंत्र उघडले की समासात मोजणीचे आणि प्रकाशनाचे वर्ष छापलेले सापडते. अभ्यासासाठी वापरणाऱ्याने ही सवय लावून घेतली नाही तर चुकीचे निष्कर्ष निघतील.

पुढच्या काळाचे नकाशेही संग्रहात आहेत आणि या व्यापाराच्या उतरत्या काळाचा इतिहास त्यांवर वाचता येतो. १९२१ च्या कायद्यानुसार १९२२ मध्ये टॅफ व्हेल आणि बॅरी या दोन्ही रेल्वे ग्रेट वेस्टर्नमध्ये विलीन झाल्या आणि गोद्याही तिच्याकडे गेल्या. पण तोवर जहाजे तेलाकडे वळू लागली होती, परदेशी गिऱ्हाईक तुटत होते आणि १९१३ चा आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही. वेन्व्होच्या बोगद्यातला मार्ग १९६० च्या दशकात बंद पडला. कार्डिफची सर्वांत जुनी गोदी बुजवली गेली. आज ती जागा उपग्रहचित्रावर शोधायची तर जुन्या नकाशाचाच आधार घ्यावा लागतो. टॅफ व्हेलचा मूळ मार्ग मात्र अजून चालू आहे आणि त्यावरून प्रवासी गाड्या धावतात.

बॅरीच्या नशिबी याहून वेगळी अखेर आली. ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने मोडीत काढली तेव्हा गोदीजवळच्या ओस पडलेल्या यार्डात वुडहॅम ब्रदर्स या भंगार व्यापाऱ्यांनी ती विकत घेऊन उभी केली. वाघिणी तोडणे सोपे आणि झटपट पैसे देणारे असल्याने त्यांनी ती कामे आधी घेतली आणि इंजिने वर्षानुवर्षे खाऱ्या वाऱ्यात गंजत राहिली. तिथे आलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ हौशी मंडळांनी विकत घेऊन वाचवली. आज ब्रिटनच्या वारसा रेल्वेंवर धावणारी कितीतरी इंजिने या यार्डातून आलेली आहेत. ज्या रुळांवर कोळसा निर्यातीसाठी रांगेत उभा राहत होता, त्याच भागात हे घडले, आणि पंचवीस इंची पत्रकावर ती जागा पाहिल्यावर एवढी इंजिने मावली कशी हा प्रश्न उरत नाही.

मराठवाड्यात राहून हे सगळे पाहताना तुलना मनात येतेच. निजामाच्या राज्याला स्वतःचा समुद्र नव्हता. कोळसा सिंगरेणीला, कापूस मराठवाड्यात, आणि हैदराबाद ते मनमाड हा १९०० च्या सुमारास पूर्ण झालेला गोदावरी खोऱ्याचा मार्ग मीटरगेज. परभणी, नांदेडच्या कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या तर मनमाडला मीटरगेजच्या गाडीतून उतरवून रुंद मार्गाच्या गाडीत चढवाव्या लागत. बॅरीच्या खाणमालकांनी कार्डिफमधला खोळंबा टाळण्यासाठी अख्खी गोदी आणि रेल्वे बांधली. आपल्याकडे मनमाडची ही चढउतार कितीतरी दशके तशीच राहिली आणि रुंदीकरणासाठी मराठवाड्याला आंदोलन करावे लागले. परळीच्या वीज केंद्राचेही असेच आहे. कोळसा रेल्वेने येतो, पण पाणी नसल्यामुळे २०१३ मध्ये आणि २०१५ मध्ये संच बंद ठेवावे लागले. कारखाना, कच्चा माल, पाणी आणि मार्ग यांचा मेळ बसतो की नाही हे नकाशावर सर्वांत आधी दिसते, आणि म्हणूनच आपल्या भागाचे जुने मोजणी नकाशे याच पद्धतीने, आजच्या चित्रावर बसवून, शाळा-महाविद्यालयांना मिळाले पाहिजेत असे मला मनापासून वाटते. विद्यापीठांच्या भूगोल आणि इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे.

वापराबद्दल काही व्यावहारिक गोष्टी. सेवा इंग्रजीत आहे आणि नकाशांवरील वेल्श गावांची नावे मुलांना वाचता येत नाहीत, तेव्हा महत्त्वाच्या ठिकाणांची देवनागरी यादी आधी वाटून द्यावी. नकाशांवर सिग्नलचा खांब, केबिन, वजनकाटा यांच्यासाठी आद्याक्षरे वापरलेली असतात; त्यांचा तक्ता संकेतस्थळावरच मिळतो आणि तो छापून भिंतीवर लावण्याजोगा आहे. मोबाइलवर सेवा चालते, परंतु दोन नकाशे शेजारी पाहण्यासाठी संगणकाचा मोठा पडदाच हवा. आमच्याकडे दुपारच्या वेळी नेट मंदावते आणि नकाशाचे चौकोन एकेक करून उमटतात, म्हणून मी तासापूर्वी लागणारी पत्रके उघडून ठेवतो आणि एकदोन प्रती छापूनही आणतो. पुनर्वापराच्या अटी प्रत्येक नकाशासोबत दिलेल्या आहेत. छापील प्रतीवर ग्रंथालयाचे श्रेय लिहावे. सुरुवात करायची असेल त्याने बॅरीचे सहा इंची पत्रक दोन आवृत्त्यांत पाहावे, मग तिथल्याच गोदीचे पंचवीस इंची पत्रक उघडावे, आणि त्यानंतर रूळ धरून उत्तरेकडे वेन्व्हो, पाँटिप्रिथ, ऱ्होंडा असे एकेक पत्रक मागे टाकत खाणीपर्यंत जावे.